वाघमारे मॅडम आणि न मिळणारं जॅकेट

वाघमारे मॅडमनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. त्यांनी माझ्या जॅकेटची बाही धरली, उलटी केली आणि आतली शिवण खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोपासून जवळच आमचं ज्युनिअर कॉलेज. माझा तिथला तो पहिला दिवस. डोंबिवलीहून सकाळी सातच्या तासाला पोचायचं म्हणजे थंडीत कुडकुडायला होतं, म्हणून भावाचं जॅकेट चढवून आले होते.

"शिवणीवर पट्टी नाही," मॅडम म्हणाल्या. "पाऊस आला की आधी खांदा भिजेल, मग पाठ."

"पण मॅडम, डिसेंबर आहे."

"डिसेंबर कोरडा असतो, हे मीच शिकवते वर्गात. पण आभाळाने पुस्तक वाचलेलं नाही ना अजून." एवढं झाल्यावर त्यांनी माझं नाव विचारलं, आणि मी मराठी शिकवणार हे ऐकून "बरं झालं, बोलायला कुणीतरी आलं" असं म्हणून त्या तासाला गेल्या. जाताना मी पाहिलं, त्यांच्या सलवारीच्या दोन्ही पायांना कपडे वाळत घालायचे निळे चिमटे लावलेले होते.

हे चिमटे सायकलच्या चेनमध्ये सलवार अडकू नये म्हणून असत आणि उतरल्यावर काढायचे हे मॅडम हमखास विसरत. अकरावीची पोरं फळ्यावरच्या नकाशापेक्षा त्या चिमट्यांकडेच जास्त बघायची. मी स्टाफरूममधून त्यांना नजरेने पायाकडे खूण करायची. त्या चिमटे काढून पर्समध्ये टाकायच्या आणि वर मलाच म्हणायच्या, "अगं, आधी सांगायचं ना!" मी आधी सांगायला सकाळी गेटवर उभं राहायला हवं होतं की काय, कोण जाणे.

मॅडम राहायच्या वर्तकनगरला. रोज सायकलने यायच्या. सायकल पुरुषांची, काळी, उंच, मध्ये दांडा असलेली. स्कूटरींच्या रांगेत ती उभी असली की लग्नाच्या हॉलमध्ये गावाकडचे आजोबा येऊन बसल्यासारखी दिसायची. ती त्यांच्या वडिलांची, दादांची. दादा कल्याणजवळच्या मोहन्याच्या रेयॉनच्या कंपनीत होते. कंपनी चालू होती तोवर रोज ह्याच सायकलवरून कामावर गेले. पुढे कंपनी बंद पडली, दादांचे गुडघे बोलायला लागले आणि सायकल मुलीकडे आली. पन्नाशीतली बाई त्या दांड्यावरून पाय टाकून चढते हे बघायला सुरुवातीला डेपोतले कंडक्टर चहाचा ग्लास हातात धरून थांबत. मग त्यांनाही सवय झाली.

सायकलबरोबर दादांची एक इच्छाही आली होती, आणि मॅडमच्या जॅकेटांच्या वेडाचं मूळ तिथेच होतं. दर सहा डिसेंबरला दादा मोहन्याहून सायकलवर दादरला, चैत्यभूमीला अभिवादनाला जायचे. बरोबर कंपनीतले चौघे-पाच जण. पांढरा सदरा, पांढरी विजार, हँडलला पिशवी आणि पिशवीत भाकरी नि मेणबत्त्या. मॅडम लहानपणी एकदा ठाण्याच्या मावशीकडून पुढे त्या दांड्यावर बसून गेल्या होत्या. सायकल देताना दादा एवढंच म्हणाले, "एकदा हिच्यावरनं तू जाऊन ये. मला बघू दे."

त्याच वर्षी मॅडम निघाल्याही. मुलुंडच्या पुढे अवकाळी पाऊस आला. नखशिखांत भिजल्या, तशाच वाऱ्यात पुढे निघाल्या आणि भांडुपलाच दम्याने त्यांना गाठलं. लोकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सायकल एका पानवाल्याने सांभाळली. बऱ्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, छातीला चांगलीच आहे, पण अंग भिजवायचं नाही आणि थंड वारा लागू द्यायचा नाही. तेव्हापासून त्या जॅकेट शोधत होत्या. चांगलं जॅकेट मिळालं की दादरला जायचं, असं त्यांनी दादांना सांगून ठेवलं होतं. ही सगळी हकीकत त्या स्टाफरूममध्ये अगदी मोकळेपणाने सांगायच्या, लपवाछपवी त्यांच्या स्वभावातच नव्हती.

शोधता शोधता त्यांचा त्यातला अभ्यास इतका वाढला की स्टाफमधल्या कुणालाही जॅकेट घ्यायचं झालं की आधी वाघमारे मॅडम. थंडीच्या तोंडाशी आमच्याकडे जॅकेट पाहण्याचा कार्यक्रमच व्हायचा. जॅकेट टेबलावर पसरायचं, मॅडम चष्मा सारखा करून पुढून-मागून बघणार, वाकवून-दुमडून बघणार, चार प्रश्न विचारणार आणि मुलगी पसंत आहे की नाही ते सांगणार. पोहे तेवढे नसायचे.

एकदा खेळाच्या सावंत सरांनी मुलाने परदेशातून आणलेलं महागडं जॅकेट मिरवत आणलं. त्यावर पाण्याचा थेंब ठरत नव्हता. मॅडमनी कौतुक केलं आणि म्हणाल्या, "सर, जरा घालून दोनदा तिसऱ्या मजल्यावर जाऊन या ना." सर गडी हट्टाचे. गेले, आले. मॅडमनी जॅकेट काढायला लावलं. शर्ट पाठीला चिकटलेला.

"पाऊस आत आला का सर?"

"छे! एक थेंब नाही."

"मग हे पाणी कुठलं? बाहेरून भिजलं काय नि आतून भिजलं काय, सर्दी व्हायची ती होतेच." सावंत सर ते जॅकेट पुढे फक्त लग्नाकार्यात घालत.

मलाही त्यांनी जॅकेट घेऊन दिलं, त्या दिवशीचा प्रसंग मी मरेपर्यंत विसरणार नाही. जांभळी नाक्याजवळ एका शेठचं दुकान होतं. बाहेरून छत्र्या टांगलेल्या, आत माळ्यापर्यंत रेनकोट, विंडचीटर, प्लास्टिकची कव्हरं. मॅडम आत शिरल्या तसा शेठ नोकराला म्हणाला, "मॅडम आल्या, पंखा लाव आणि खालची गादी उचल, पाणी सांडणार." मॅडमनी पर्समधून पाण्याची बाटली काढली. जॅकेटच्या खांद्याच्या शिवणीखाली आपला रुमाल धरला, वरून पाणी ओतलं, बोटाने चोळलं, आणि थोडा वेळ शेठशी त्याच्या मुलीच्या बारावीबद्दल गप्पा मारल्या. मग रुमाल बघितला. ओला.

"नापास."

"मॅडम, एवढा पाऊस तर पावसाळ्यात पण नाय पडत," शेठ कळवळला.

"शेठ, पाऊस रुमालाला विचारून पडत नाही."

दुसरं जॅकेट पास झालं. मग ते त्यांनी मला घालायला लावलं आणि भर दुकानात सायकल चालवायला सांगितलं. सायकल नव्हतीच. गुडघ्यात वाकायचं, हात पुढे करायचे, हँडल धरल्यासारखी मूठ करायची. गिऱ्हाइकं बघत होती. मी लाजेने अर्धी झाले, तर मॅडम स्वतःच माझ्या शेजारी वाकून सायकल चालवायला लागल्या. "हे बघ, वाकलं की पाठ उघडी पडते. मागून शेपटी लांब हवी, नाहीतर चाकाचा चिखल थेट कमरेत. आता मान वळव. मागून ट्रक येतोय." मी मान वळवली. माझा चेहरा जॅकेटच्या टोपीच्या आत वळला आणि टोपी मात्र समोरच बघत राहिली. "बघितलंस? टोपी समोर, तू अंधारात. टोपी मानेबरोबर वळली पाहिजे." शेवटी एक तपकिरी जॅकेट ह्या सगळ्यातून पार पडलं. काखेत जाळीच्या खिडक्या होत्या, घाम जायला. किंमत माझ्यासारख्या नव्या मास्तरणीला झेपणारी. मी ते अजून वापरते आणि सायकल मला आजतागायत येत नाही.

असं त्यांनी सगळ्यांचं केलं. सगळ्यांची लग्नं लावून दिली आणि स्वतः मात्र जॅकेटावाचून राहिल्या, कारण त्यांच्या स्वतःच्या जॅकेटला दोन अटी जास्त होत्या. एक म्हणजे ते पांढरं हवं. सहा डिसेंबरला सगळे पांढऱ्यात येतात, दादा जन्मभर पांढऱ्यात गेले, त्यांच्या सायकलवरून जायचं तर तसंच जायचं. आता कामधंद्याच्या माणसाला परवडेल असं वॉटरप्रूफ जॅकेट काळं मिळतं, निळं मिळतं, पांढरं कोण करणार? पहिल्याच दिवशी मळेल. एकदा त्यांनी पांढरट म्हणून एक घेतलं आणि मोहन्याला जाऊन दाखवलं. दादा ते डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "शिमिटाच्या कारखान्यात लागलीस का?" दुसऱ्या दिवशी ते शेठकडे परत गेलं.

दुसरी अट दादांचीच होती. सायकलीपेक्षा अंगावरचं महाग नसावं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना बाहेरून एक चांगलं पांढरं मागवून देतो म्हटलं तर हात जोडून म्हणाल्या, "नको गं. नाकापेक्षा मोती जड. मग मी त्या जॅकेटला सांभाळत बसेन, ते मला कधी सांभाळणार?" मी सावंत सरांना हळूच विचारलं, मॅडमच्या सायकलची किंमत आज किती येईल? सर म्हणाले, भंगारवाला वजनावर घेईल. म्हणजे झालंच की. ह्या दोन अटींत बसणारं जॅकेट ठाण्यातच काय, त्रिभुवनात मिळणार नव्हतं, आणि मॅडम मात्र दर थंडीत तितक्याच उत्साहाने बाटली भरून निघायच्या. मला तेव्हा त्यांचं हसू यायचं.

ते हसू थांबलं ते एका दिवाळीच्या सुट्टीत. मॅडमनी मला मोहन्याला जेवायला बोलावलं. दादा दारातच खुर्ची टाकून बसले होते. वाळलेले, ताठ, गळ्याशी बटण लावलेला सदरा. "जय भीम," ते म्हणाले. मी सवयीने "नमस्कार" म्हणून गेले, मग "जय भीम दादा" म्हटलं. ते हसले. माझ्या साडीकडे डोळे बारीक करून म्हणाले, "पिवळ्या मॅडम दिसता. तोंडं नाय दिसत आता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्यात जाळं. रंगावरनं ओळखतो माणसांना."

मॅडम चहा करायला आत गेल्या तसे दादा खुर्चीतून माझ्याकडे झुकले.

"तिला जाकीट मिळत नाय, असं नाय मॅडम. ती भ्यालीय."

मी त्यांच्याजवळ वाकले.

"दवाखान्यात नळ्या लावून पडलेली, मी पण तिथंच बसलेलो. मला पण भ्या वाटतं. नको जाऊ म्हणायला तोंड उघडतो, पण जीभ उचलत नाय. आम्ही गोणपाट डोक्यावर घेऊन गेलेलो, पाऊस-वारा काय बघितला नाय. कशाला गेलेलो? माणूस म्हणून उभं केलं त्यांनी, म्हणून गेलेलो. मग पोरीनं भिऊन बसायचं?" त्यांनी आतल्या दाराकडे कान दिला. "माझे आता दिवस किती हायत, सांगा."

मॅडम चहा घेऊन आल्या. दादा मोठ्याने म्हणाले, "नाचता येईना..."

"अंगण वाकडं," मॅडमनी पुरं केलं. "घ्या, चहा घ्या दादा."

"यंदा जा. काय घालायचं ते घाल. पुढल्या सालाचं मला सांगता येत नाय."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला, तेव्हा बशी वाजली. सगळ्या स्टाफला पाऊस, वारा, घाम समजावून सांगणारी ही बाई आतून इतकी घाबरलेली आहे, हे मला त्या बशीच्या आवाजाने कळलं. मला दोघांचंही फार वाईट वाटलं.

नोव्हेंबर सरता सरता त्या मला घेऊन पुन्हा शेठकडे गेल्या. शेठने पांढरं नाही म्हणून आधीच हात वर केले. मग जरा घुटमळून माळ्यावरून एक पिशवी काढायला लावली. "मॅडम, एक पीस आहे. गेल्या साली आलेला. कोणी घेत नाय. फक्त कलर बघू नका."

पिशवीतून जे निघालं ते पोपटी होतं. साधं पोपटी नाही, भाजीवाल्याने पाणी मारून ठेवलेल्या कोवळ्या मिरचीसारखं. मॅडमनी रुमाल लावला, पाणी ओतलं. रुमाल कोरडा. आतून शिवणीवर पट्टी होती. काखेत खिडक्या होत्या. मागून शेपटी होती. त्या दुकानाच्या मधोमध वाकून सायकल चालवायला लागल्या. मान वळवली. टोपी मानेबरोबर वळली. आणि कुणालाच नको म्हणून किंमत इतकी उतरलेली की दादांची सायकलही लाजली नसती.

मॅडम स्टुलावर बसल्या. ते मांडीवर घेऊन शिवणीवरून बोट फिरवत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "नीता, आता मला काहीच कारण उरलं नाही गं."

"मग नका जाऊ," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं. "दादा समजून घेतील."

"ते घेतीलच. म्हणून तर जायचं." त्यांनी पैसे काढले. "दादरच्या पार्कात पोचले की हे काढून पिशवीत टाकीन. आतून पांढरा ड्रेस घालणार आहे. दोन तास पोपट दिसले तर दिसले."

मग त्यांनी माझ्यावर एक काम सोपवलं. त्यांचे भाऊ-भावजय आदल्या दिवसापासूनच दादरला भोजनदानाच्या मंडपात असायचे. दादा घरी एकटे. "तू डोंबिवलीची, तुला जवळ. बसशील त्यांच्याजवळ? टीव्ही लावून दे, ते दिवसभर बघतात." मी हो म्हटलं.

सहा डिसेंबरला मी सकाळीच मोहन्याला पोचले. दादा पांढरा सदरा, पांढरी विजार घालून टीव्हीपुढे इतके जवळ बसले होते की नाक काचेला लागेल. मॅडमचा फोन निघताना आला होता. मुलुंडला पोचल्यावर आला. आभाळ भरलंय, म्हणाल्या. भांडुप मागे पडल्यावर आला, नुसतं "दादांना सांग, भांडुप गेलं" एवढंच. दादांनी ते ऐकून टीव्हीच्या वरच्या तसबिरीला हात जोडले.

त्यानंतर फोन लागेना. टीव्हीवर बातमी आली, दादरला अवकाळी सरी, तरीही रांगा कायम. दादा माझ्याकडे वळले. "पडतोय का?"

"थोडासा," मी म्हटलं.

"छाती भरली असंल तिची."

"जॅकेट चांगलं आहे दादा. मी बघितलंय. रुमाल कोरडा राहिला होता." पुन्हा फोन लावला, पुन्हा नाही. मी चहा केला, तो तसाच गार झाला. दादा टीव्हीवर डोळे लावून पुटपुटत होते, "सगळं पांढरं. सगळं धुकं. कोण कुठं काय दिसत नाय." पाऊस पडत असेल तर मॅडम जॅकेट काढणार नाहीत, हा हिशेब मी मनाशी दहादा केला. आणि भांडुपच्या पुढे कुठल्या दवाखान्यात असतील तर, हाही केला.

आज दादा नाहीत. पुढचा डिसेंबर त्यांना बघायला मिळाला नाही. मॅडम रिटायर होऊन मुलाकडे नाशिकला गेल्या आहेत, सायकल बरोबर नेली आहे. त्यांचे फोन येतात, तिथल्या थंडीत कुठलं जॅकेट चालतं त्याची चर्चा होते, आणि निरोप समारंभाचे फोटोही माझ्याकडे आहेत. पण मॅडम म्हटलं की मला त्यातलं काहीच आठवत नाही. मला मोहन्याच्या त्या खोलीतला टीव्ही आठवतो.

पडद्यावर उंचावरून घेतलेली गर्दी दिसत होती. पांढरे कपडे, मधूनच काळ्या छत्र्या, भिजलेली माणसं शांतपणे पुढे सरकत होती. दादा एकदम ताठ झाले. त्यांनी बोट काचेवर टेकवलं.

"हे काय? हे हिरवं काय हाय, मॅडम?"

मी पुढे सरकले. पांढऱ्या रांगेत मधोमध एक पोपटी ठिपका होता. पाठमोरा. मागून लांब शेपटी. दुसरंही कुणी असेल, मी स्वतःला बजावलं. तेवढ्यात त्या माणसाने मागे कुणाला तरी वाट द्यायला मान वळवली, आणि टोपी मानेबरोबर वळली.

"मॅडम आहेत!" मी ओरडलेच. "दादा, तीच. पोचली!"

"पांढऱ्यात असती तर मला कुठं दिसली असती?" दादा म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "जय भीम, पोरी," ते पडद्याला म्हणाले.

चित्र बदललं, दुसरं काहीतरी सुरू झालं. दादांनी बोट मात्र काचेवरच ठेवलं होतं.